शिक्षक नाही, दिवसभर काम, त्यात स्मरणशक्ती कच्ची : मायकेल फॅरेडेचं अभ्यासात लक्ष टिकलं कसं?

लेक्चर ४५ मिनिटांचं. समोर स्क्रीन, कानात हेडफोन. शिकवणारा छान शिकवतोय आणि आपल्याला सगळं कळतंयसुद्धा. मध्येच एक मेसेज येतो. तो वाचून परत येईपर्यंत दोन स्लाइड पुढे गेलेल्या असतात. मग रिवाइंड, मग दीडपट स्पीड. व्हिडीओ संपतो, खाली हिरवी टिक येते, बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी कुणी विचारलं, काल काय शिकलास, तर पहिलं वाक्यसुद्धा तोंडातून निघत नाही.

ऑनलाइन शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाचा हा अनुभव आहे. यावर उपाय म्हणून आपल्याला सांगितलं जातं की फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, पहाटे उठा, मन घट्ट करा. हे सगळं ठीकच आहे. पण साधारण दोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये एक पोरगा असाच एकट्याने शिकत होता. त्याला शाळा नव्हती, शिक्षक नव्हता. दिवसभर दुकानात काम करायचं आणि उरलेल्या वेळात दुसऱ्यांनी लिहिलेलं, दुसऱ्यांनी बोललेलं समजून घ्यायचं. त्यात स्वतःची स्मरणशक्ती चांगली नाही, ही तक्रार त्याने आयुष्यभर केली.

त्याचं नाव मायकेल फॅरेडे. आज तुमच्या घरात येणारी वीज ज्या तत्त्वावर तयार होते, ते त्याने शोधलं. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या डीपीत चालतं तेही तेच तत्त्व.

तो हुशार होता, हे तर उघडच आहे. पण त्याच्या आयुष्याकडे नीट पाहिलं की कळतं, लक्ष टिकवण्यासाठी तो हुशारीवर विसंबून राहिला नाही. त्याने त्यासाठी अक्षरशः एक यंत्रणा उभी केली होती. ती कशी, ते बघूया.

एक पाव, अख्खा आठवडा

फॅरेडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा. लंडनच्या दक्षिणेला न्यूइंग्टन बट्स नावाच्या भागात त्याचं कुटुंब राहायचं. वडील जेम्स लोहार होते, पण तब्येत सतत बिघडलेली. त्यामुळे काम कधी व्हायचं, कधी नाही. १८०१ मध्ये धान्याचे भाव कडाडले, तेव्हा नऊ वर्षांच्या मायकेलच्या वाट्याला आठवड्याला एक पाव यायचा. तो सात दिवस पुरवायचा.

शाळेत तो लिहिणं, वाचणं आणि थोडंफार गणित शिकला. गणिताचा हा कच्चेपणा पुढे जन्मभर राहिला.

१८०४ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, तो ब्लँडफर्ड स्ट्रीटवरच्या जॉर्ज रिबॉ यांच्या दुकानात पोऱ्या म्हणून लागला. रिबॉ पुस्तकं विकायचे, बांधायचे आणि वर्तमानपत्रं भाड्याने द्यायचे. ती गिऱ्हाइकांकडे पोहोचवायची आणि वाचून झाली की परत आणायची, हे मायकेलचं काम. पोरगा प्रामाणिक निघाला. म्हणून पुढच्याच वर्षी रिबॉंनी त्याला सात वर्षांसाठी पुस्तकबांधणीच्या उमेदवारीवर घेतलं, तेही नेहमीची फी न घेता.

पुस्तकं शिवता शिवता

आता तुम्ही म्हणाल, पुस्तकांच्या दुकानात काम म्हणजे मजाच की. खरंय, पण त्यात एक गोची होती.

बांधणीला येईल ते पुस्तक तो वाचायचा. आज हे, उद्या ते. पुढचं पुस्तक कोणतं, हे गिऱ्हाईक ठरवणार. आपल्या फीडसारखंच झालं हे, समोर येईल ते बघायचं. अशा वाचनाने माहिती खूप जमते, पण तिचा एकमेकींशी धागा लागत नाही.

त्याला धागा सापडला तो दोन पुस्तकांमुळे. एक होता एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचा खंड. बांधणीला आलेल्या त्या खंडात विजेवरचा लेख होता. दुसरं होतं जेन मार्सेट यांचं रसायनशास्त्रावरचं, संवादाच्या रूपात लिहिलेलं पुस्तक.

मार्सेटबाईंचं पुस्तक वाचताना फॅरेडेने एक सवय लावून घेतली. पुस्तकात दिलेले प्रयोग खिशाला परवडतील तेवढे स्वतः करून बघायचे. बाटल्या आणि काचेच्या बरण्यांपासून त्याने स्थिर वीज तयार करणारं छोटं यंत्रही बनवलं. लिहिलंय ते खरं निघालं, तरच त्याचा त्यावर विश्वास बसायचा. पुढे म्हातारपणीसुद्धा त्याने मान्य केलं की आपल्या अभ्यासाचा पाया या सवयीनेच घातला.

म्हणजे वाचताना हात रिकामे ठेवायचे नाहीत. हाताला काम असलं की मनाला पळायला वाव कमी मिळतो.

अभ्यास कसा करावा, याचंही पुस्तक

याच काळात त्याच्या हातात आणखी एक पुस्तक पडलं. आयझॅक वॉट्स नावाच्या धर्मोपदेशकाने १७४१ मध्ये लिहिलेलं, मनाची मशागत कशी करावी हे सांगणारं. आजच्या भाषेत सेल्फ-हेल्प म्हणा.

वॉट्स यांचा सल्ला थोडक्यात असा होता : वाचलेल्याची टिपणवही ठेवा. व्याख्यानांना जा आणि टिपून घ्या. कुणाशी तरी पत्रव्यवहार करा. चार समविचारी माणसं जमवून चर्चा करा. शब्द नेमके वापरा.

अशी पुस्तकं आपणही वाचतो आणि दोन दिवसांत विसरतो. फॅरेडेने हे पुस्तक कामाच्या यादीसारखं घेतलं. पुढची दहा वर्षं तो त्यातली एकेक गोष्ट करत गेला.

एका व्याख्यानाच्या चार फेऱ्या

१८१० मध्ये त्याला एक जाहिरात दिसली. जॉन टेटम नावाचे गृहस्थ डॉर्सेट स्ट्रीटवर, राहत्या घरी विज्ञानावर व्याख्यानं द्यायचे. एका व्याख्यानाची फी एक शिलिंग. उमेदवारी करणाऱ्या पोराला ती कुठून परवडणार? मोठा भाऊ रॉबर्ट लोहारकाम करायचा, त्याने हे पैसे भरले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वडील वारले. त्या घरात त्या वेळी एका शिलिंगची किंमत काय असेल, याचा अंदाज करा. दादाने घामाच्या पैशातून भरलेल्या शिलिंगचं व्याख्यान वाया घालवून चालणार नव्हतं.

मग त्याने काय केलं? व्याख्यान सुरू असताना तो सगळं उतरवून घेत नसे. फक्त महत्त्वाचे शब्द, प्रयोगांची नावं, क्रम एवढंच टिपायचा. ही पहिली फेरी. घरी आल्यावर त्या शब्दांवरून जरा मोठी टिपणं काढायची, ही दुसरी. मग त्यावरून सलग मजकूर लिहायचा, ही तिसरी. आणि शेवटी सुवाच्य अक्षरात पक्की प्रत.

यातली खरी मेहनत दुसऱ्या फेरीत आहे. कागदावर चार शब्द आहेत आणि त्यांच्यामधलं सगळं आठवून काढायचंय. जे आठवलं नाही, ते आपल्याला कळलेलं नाही, हे तिथल्या तिथे समजतं. व्हिडीओ पॉज करून स्क्रीनशॉट काढला की नेमकी हीच पायरी हुकते. स्क्रीनशॉट फोनमध्ये राहतो, डोक्यात नाही.

व्याख्यानातली उपकरणं कागदावर उतरवायची तर चित्र काढता यायला हवं. रिबॉंकडे मास्करिए नावाचे एक फ्रेंच चित्रकार राहायचे. फॅरेडेने त्यांची खोली झाडायची, बूट पॉलिश करायचे आणि त्यांनी त्याला चित्रकला शिकवायची, असा सौदा ठरला.

टेटम यांच्या व्याख्यानांच्या या टिपणांचे चार खंड झाले. बांधणी अर्थातच त्याची स्वतःची. ते त्याने आपल्या मालकांना, म्हणजे रिबॉंना अर्पण केले.

मित्राला पत्र लिहायचं, पण कशासाठी?

टेटम यांच्याकडे जमणाऱ्या तरुणांचं एक मंडळ होतं, सिटी फिलॉसॉफिकल सोसायटी. कारकून, कारागीर, दुकानात काम करणारी अशी ही मंडळी. आठवड्यातून एकदा एकत्र यायचं, एकाने बोलायचं, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. इथे फॅरेडेला बेंजामिन अॅबट हा मित्र भेटला.

जुलै १८१२ पासून दोघांनी एकमेकांना पत्रं लिहायला सुरुवात केली. खरं तर दोघं एकाच शहरात राहणारे. भेटून बोलता आलं असतं. पण फॅरेडेला लिहायचंच होतं. आपले विचार विस्कळीत आहेत आणि ते दुसऱ्याला समजेल असे मांडायची सवय हवी, हे त्याला माहीत होतं.

अगदी सुरुवातीच्या पत्रात त्याने घरी केलेल्या बॅटरीचं वर्णन केलंय. जस्ताच्या पत्र्यातून हाफपेनीच्या नाण्याएवढ्या सात चकत्या कापल्या. त्यांवर तांब्याची सात नाणी ठेवली. मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागद घातले. या चिमुकल्या बॅटरीने त्याने मॅग्नेशियम सल्फेटच्या द्रावणाचं विघटन करून दाखवलं. पत्रात त्याचा आनंद अगदी उतू जातो.

वाचलेलं, ऐकलेलं, करून पाहिलेलं दुसऱ्या माणसाला समजावून सांगायचंय, हे आधीच माहीत असलं की आपण ऐकतोही वेगळ्या कानांनी. अॅबट हा त्याचा तसा श्रोता होता.

गॅलरीतली सीट आणि तीनशे पानं

१८१२ च्या सुरुवातीला रिबॉंच्या दुकानातल्या विल्यम डान्स नावाच्या गिऱ्हाइकाने फॅरेडेला रॉयल इन्स्टिट्यूशनची तिकिटं दिली. तिथे हम्फ्री डेव्ही बोलणार होते. डेव्ही म्हणजे त्या काळातले स्टार वैज्ञानिक. फॅरेडेने गॅलरीत, घड्याळाच्या वरच्या बाजूला बसून त्यांची चार व्याख्यानं ऐकली. पुन्हा तीच पद्धत. टिपणं, आठवण, विस्तार, पक्की प्रत, चित्रं, बांधणी. तीनशेहून जास्त पानांचं पुस्तक तयार झालं.

इकडे ऑक्टोबर १८१२ मध्ये त्याची उमेदवारी संपली. तो दुसऱ्या एका बांधणीवाल्याकडे कामाला लागला, पण मालक तापट. शिकायला वेळ मिळेना. आयुष्य इथेच अडकणार, अशी परिस्थिती होती. रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना त्याने पत्र पाठवलं, त्याला उत्तरही आलं नाही.

डिसेंबरमध्ये त्याने डेव्हींना पत्र लिहिलं आणि सोबत ते पुस्तक पाठवलं. डेव्हींनी भेटीला बोलावलं. सुरुवातीला त्यांनी पुस्तकबांधणीच सोडू नकोस असं समजावलं. पण काही आठवड्यांतच त्यांच्या प्रयोगशाळेतल्या मदतनिसाला मारामारीवरून काढून टाकलं गेलं आणि डेव्हींना फॅरेडे आठवला. मार्च १८१३ मध्ये तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रुजू झाला. आठवड्याला २५ शिलिंग आणि वरच्या मजल्यावर दोन खोल्या.

प्रमाणपत्र त्याच्याकडे एकही नव्हतं. चार व्याख्यानं किती लक्ष देऊन ऐकली, याचा लेखी पुरावा होता.

मनालाही जडत्व असतं

नोकरी लागली म्हणून आत्मशिक्षण थांबलं नाही. १८१८ मध्ये त्याने काही मित्रांसोबत निबंध लिहायचा एक गट चालवला. प्रत्येकाने लिहायचं आणि ते सगळ्यांनी वाचायचं.

त्याच वर्षी १ जुलैला सिटी फिलॉसॉफिकल सोसायटीत त्याने एक व्याख्यान दिलं. विषय होता मनाचं जडत्व. शाळेत आपण शिकतो की थांबलेली वस्तू थांबूनच राहू पाहते आणि चालू असलेली चालूच राहू पाहते. फॅरेडेने हीच कल्पना मनाला लावली. आळसावलेलं मन आळसातच राहू पाहतं. एकदा कामाला लागलेलं मन कामातच राहू पाहतं. त्रास होतो तो एका अवस्थेतून दुसरीत जाताना.

हे बोलणारा माणूस तेव्हा २६ वर्षांचा होता. त्याचं म्हणणं आपल्या प्रश्नाला थेट लागू पडतं. अभ्यासाची पहिली दहा मिनिटं सगळ्यात जड जातात, आपल्यात काहीतरी कमी आहे म्हणून नाही. मन एका अवस्थेतून दुसरीत जात असतं. आणि दर पाच मिनिटांनी फोन बघितला, तर ती पहिली दहा मिनिटं पुन्हा पुन्हा भोगावी लागतात.

बोलण्यातले दोष घालवण्यासाठी त्याने वक्तृत्वाचे धडे घेतले. व्याख्यान देताना वेग वाढला, तर हळू बोल अशी आठवण करून देणारं कार्ड समोर धरायला माणूस ठेवला. स्वतःला आठवेल, यावर त्याने विसंबून राहायचंच नाही असं ठरवलं होतं.

नऊ वर्षं वहीत पडलेला प्रश्न

१८२२ मध्ये त्याने एक वही घातली. शोधायच्या गोष्टी, शंका, सुचलेल्या कल्पना त्यात लिहायच्या. उत्तर मिळालं की ती ओळ खोडायची. त्यातली एक नोंद होती, चुंबकत्वाचं विजेत रूपांतर करण्याची.

त्याने १८२५ मध्ये प्रयत्न केला, फसला. १८२८ मध्ये केला, फसला. मधल्या काळात भलतीच कामं मागे लागली. दुर्बिणीसाठी चांगली काच बनवण्याच्या सरकारी आणि रॉयल सोसायटीच्या प्रकल्पात तर वर्षं गेली. शिवाय बाहेरचे लोक रासायनिक तपासण्यांसाठी पैसे देऊन बोलवायचे. त्याचे सहकारी आणि चरित्रकार जॉन टिंडल यांच्या नोंदीनुसार १८३० मध्ये या बाहेरच्या कामातून फॅरेडेला हजार पौंडांहून जास्त मिळाले होते.

हे विचलन नोटिफिकेशनपेक्षा अवघड असतं. कारण ही कामं प्रतिष्ठेची असतात, पैशांची असतात, त्यांना नाही म्हणायला कारण सापडत नाही. फॅरेडेने जुलै १८३१ मध्ये काचेचं काम बाजूला ठेवू द्यावं, अशी विनंती केली. बाहेरची कामंही त्याने पुढे जवळपास बंद केली.

२९ ऑगस्ट १८३१ ला त्याने लोखंडाच्या कड्याच्या दोन बाजूंना तारेची दोन वेटोळी गुंडाळली. एक बॅटरीला जोडलं, दुसरं एका चुंबकसुईजवळ नेलं. बॅटरी जोडली त्या क्षणी सुई हलली आणि परत जागेवर आली. बॅटरी तोडली तेव्हा पुन्हा हलली. मधल्या काळात काहीच नाही.

ती हालचाल क्षणभराची होती. जिनिव्हाच्या कोलॅडॉन यांनी काही वर्षांपूर्वी असाच एक प्रयोग केला होता. चुंबकाचा परिणाम होऊ नये म्हणून त्यांनी सुई दुसऱ्या खोलीत ठेवली. चुंबक वेटोळ्यात घालून ते त्या खोलीत जाईपर्यंत सुई स्थिर झालेली असायची. उत्तर आलं होतं, तेव्हा बघायला तिथे कुणी नव्हतं.

फॅरेडे बघत होता. यालाच आपण विद्युतचुंबकीय प्रवर्तन म्हणतो. वीजनिर्मिती केंद्रातले जनित्र आणि रस्त्यावरचे रोहित्र याच तत्त्वावर चालतात.

स्मरणशक्तीने साथ सोडली तेव्हा

पुढची काही वर्षं त्याने अफाट काम केलं. आठवड्यातले तीन दिवस भेटायला येणाऱ्यांना भेटायचंच नाही, असा नियमही केला. पण १८३९ च्या सुमारास शरीराने बंड केलं. चक्कर, डोकेदुखी आणि विसरण्याचा आजार. डॉक्टरांनी काम थांबवायला लावलं. १८४१ मध्ये पत्नी सारासोबत तो काही महिने स्वित्झर्लंडला जाऊन राहिला. तिथे मैलोन्‌मैल चालायचा. प्रयोगशाळेतलं काम काही वर्षं जवळपास बंदच होतं.

कुणालाही वाटलं असतं, संपलं. पण १८४५ मध्ये तो परतला आणि त्या वर्षी त्याने चुंबकाचा प्रकाशावर परिणाम होतो, हे दाखवून दिलं.

विसरणारा माणूस हे कसं करू शकला? त्याच्या वह्यांमुळे. १८३२ पासून तो प्रयोगशाळेच्या डायरीतल्या प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक द्यायचा. १८६० पर्यंत हे क्रमांक १६ हजारांच्या पुढे गेले. काल काय केलं होतं, का केलं होतं, काय फसलं होतं, हे डोक्यात राहिलं नाही तरी वहीत होतं. तरुणपणी शिलिंग वाया जाऊ नये म्हणून लावलेली सवय म्हाताऱ्या फॅरेडेचा आधार झाली.

मग यातून आपण घ्यायचं काय?

आधी एक गोष्ट मान्य करूया. फॅरेडेच्या खिशात फोन नव्हता. त्याचं लक्ष वेधून घेण्यासाठी जगातल्या मोठमोठ्या कंपन्या राबत नव्हत्या. त्यामुळे त्याला जमलं मग तुला का नाही, असं म्हणून कुणाला टोचण्यात अर्थ नाही.

दुसरं, तो एकटा नव्हता. भावाने शिलिंग दिला, मालकाने पुस्तकं वाचू दिली, गिऱ्हाइकाने तिकिटं दिली, मित्राने पत्रं वाचली. गरीब मुलगा जिद्दीने मोठा झाला, एवढंच सांगितलं की ही सगळी माणसं गोष्टीतून गायब होतात.

पण त्याच्या काही सवयी आजही फुकट आहेत :

– व्हिडीओ चालू असताना फक्त महत्त्वाचे शब्द लिहा. संपल्यावर स्क्रीन बंद करून, त्या शब्दांवरून बाकीचं आठवून लिहा.
– दाखवलेलं गणित, कोड, प्रयोग स्वतःच्या हाताने करून बघा. नुसतं पाहून पुढे जाऊ नका.
– शिकलेलं सांगायला एक माणूस ठरवा. मित्र, बहीण, कुणीही. आठवड्यातून एक व्हॉइस नोट पाठवली तरी चालेल.
– मध्येच दुसरं काही सुचलं, तर नवी टॅब उघडू नका. वहीच्या मागच्या पानावर प्रश्न लिहा आणि परत या.
– सुरुवात जड जाणार, हे गृहीत धरा. ती दिवसातून एकदाच भोगावी लागेल, अशी सोय करा.

१८५४ मध्ये, वयाच्या साठीत, फॅरेडेने मनाच्या शिक्षणावर एक व्याख्यान दिलं. त्यात त्याचा रोख होता तो स्वतःची फसवणूक करण्याच्या आपल्या सवयीवर. जे खरं असावं असं वाटतं, ते खरं आहे असं मानायला मन फार लवकर तयार होतं, आणि ते रोखायला शिकणं हाच शिक्षणाचा मोठा भाग आहे, असं तो सांगत होता. व्हिडीओ बघून संपला म्हणजे आपल्याला आलं, हा समजही त्यातलाच.

२५ ऑगस्ट १८६७ ला फॅरेडे गेला. त्याच्या टिपणवह्या आजही लंडनमध्ये जपून ठेवलेल्या आहेत. पुढचं लेक्चर लावण्याआधी एक कोरा कागद शेजारी ठेवा. व्हिडीओ संपल्यावर त्यावर किती लिहिता येतं, ते बघा. हिरव्या टिकपेक्षा तो कागद जास्त खरं सांगेल.